हाताने पिनस्ट्रायपिंग शिकायचंय? पहिल्या रेघेपासून पहिल्या खऱ्या कामापर्यंत

मोटरसायकलच्या टाकीवर किंवा जुन्या गाडीच्या दारावर दोन-तीन मिलिमीटर रुंदीची रेघ असते. ती हाताने ओढलेली आहे की स्टिकर आहे, हे जवळ गेल्यावर कळतं. हाताच्या रेघेला किंचित उठाव असतो, बोट फिरवलं तर तो लागतो. टोकं निमुळती होत संपतात आणि वळणावर जाडी थोडी बदलते. अशी रेघ हाताने ओढायची कला, म्हणजेच पिनस्ट्रायपिंग, कुणालाही शिकता येते. त्यासाठी चित्रकला यायलाच हवी असं नाही. हवा असतो एक चांगला ब्रश, थोडा रंग, एक काच आणि रोज थोडा वेळ.

मी शिकायला लागलो तेव्हा माहिती तुकड्यातुकड्यांत मिळाली, तीही उलट्या क्रमाने. नक्षी कशी काढायची हे सांगणारे पुष्कळ होते, पण रंग किती पातळ करायचा हे नीट सांगणारे फारच कमी. त्यामुळे ज्या क्रमाने शिकायला हवं, त्याच क्रमाने सगळं इथे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवा माणूस हाताची थरथर घालवायच्या मागे लागतो, पण वाकड्यातिकड्या, तुटक रेघेचं कारण बहुतेक वेळा हातात नसतं. ते ब्रशमध्ये रंग कसा भरला आहे त्यात असतं. काचेवर ब्रश टेकण्याआधीच, पॅलेटवर, रेघेचं बरंचसं ठरून गेलेलं असतं.

ही कला मोटारींपेक्षा जुनी आहे. घोड्यांच्या बग्ग्यांच्या चाकांवर आणि अंगावर रेघा ओढणारे कारागीर होते, आणि सुरुवातीच्या मोटारींवरही त्याच पद्धतीने रेघा ओढल्या जात. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात व्हॉन डच या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या केनेथ हॉवर्डने, आणि त्याच्याबरोबर डीन जेफ्रीज, एड रॉथ यांनी या साध्या रेघेला वळणदार, दोन्ही बाजूंनी सारख्या नक्षीचं रूप दिलं. आज पिनस्ट्रायपिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच नक्षी येते. साधी रेघही टिकून आहे. रोल्स-रॉईसच्या अंगावरची लांब रेघ आजही खारीच्या केसांच्या ब्रशने हाताने ओढली जाते, आणि रॉयल एनफिल्डच्या काही टाक्यांवरच्या रेघा चेन्नईत हातानेच ओढल्या गेल्या आहेत. सुरुवात साध्या रेघेपासूनच करा. नक्षी म्हणजे अशाच छोट्या रेघा एकमेकींशेजारी मांडणं.

१. सामान जमवा, पण थोडंच

- स्वोर्ड स्ट्रायपर ब्रश, ०० नंबरचा, एकच
- इनॅमल रंगाचा छोटा डबा, शक्यतो साइन पेंटिंगसाठी, म्हणजे पाट्या रंगवण्यासाठी बनवलेला
- त्या रंगाला चालणारा थिनर किंवा मिनरल टर्पेंटाइन
- पॅलेटसाठी गुळगुळीत, चकचकीत जाड कागद
- दोन लहान झाकणं किंवा वाट्या : एकीत रंग, दुसरीत थिनर
- सरावासाठी काच, कडा घासून बोथट केलेली
- धागे न सुटणाऱ्या सुती चिंध्या
- बारीक मास्किंग टेप, साधारण ६ मिलिमीटर रुंदीचा
- काचेवर आणि पत्र्यावर उमटणारी, पाण्याने पुसली जाणारी पेन्सिल
- ब्रश साफ करायला झाकणाच्या दोन बरण्या
- ब्रश जपून ठेवायला खनिज तेल
- हातमोजे, आणि सॉल्व्हंटची वाफ अडवणारा मास्क

पैसे ब्रशवर खर्च करा, बाकी सगळं साधं चालेल. स्वोर्ड स्ट्रायपरचे केस सुमारे पाच सेंटिमीटर लांब, एका बाजूने तिरके कापलेले आणि टोकाशी अगदी निमुळते असतात. दांडी मात्र आखूड असते. पहिल्यांदा हातात घेतला की एवढ्या लांब केसांनी बारीक रेघ कशी निघेल, असं वाटतं. पण लांबीची दोन कामं आहेत. एक, त्यात भरपूर रंग साठतो, म्हणून मधेच न थांबता लांब रेघ ओढता येते. दुसरं, केसांचा मागचा भाग पृष्ठभागावर लोळत येतो आणि हाताचे छोटे झटके टोकापर्यंत पोहोचू देत नाही. चित्रकलेच्या आखूड, गोल ब्रशने सरळ रेघ ओढायचा प्रयत्न केलात तर हाताची प्रत्येक हालचाल रेघेत उमटते. तेव्हा घरात पडलेल्या ब्रशवर सराव सुरू करू नका.

केस खारीचे असले तर उत्तम. ते मऊ असतात आणि रंग चांगला धरतात. अमेरिकेतल्या मॅक कंपनीचे ब्रश या कामात नावाजलेले आहेत, पण दुसऱ्या कंपन्यांचेही चांगले मिळतात. नंबर साधारणपणे ००० पासून सुरू होऊन वाढत जातात. ००० फार नाजूक असतो, त्यात रंग कमी मावतो आणि तो लवकर कोरडा पडतो. २ किंवा ३ नंबरचा नव्या हाताला आवरत नाही. म्हणून ००. पाच ब्रशांचा स्वस्त संच घेण्याचा मोह होतो, पण त्या पाचांतला एकही धड चालत नाही.

साइन पेंटिंगच्या इनॅमलमध्ये रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे एकाच थरात रेघ भरीव दिसते. वन शॉट हा त्यातला सगळ्यात परिचित रंग. तो मिळाला नाही तर सरावापुरतं साधं सिंथेटिक इनॅमल घ्या. रेघ थोडी पारदर्शक येईल, एवढंच. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग सध्या बाजूला ठेवा. ते या ब्रशमध्ये फार लवकर सुकतात.

२. नवा ब्रश तयार करा

नव्या ब्रशचे केस आकारात राहावेत म्हणून अनेकदा त्यांना डिंक किंवा तेल लावलेलं असतं. थिनरमध्ये हलवून ते पूर्ण काढून टाका आणि ब्रश चिंधीवर हलकेच टिपा. मग बोटांच्या चिमटीत दांडीकडून टोकाकडे ओढून केस सपाट करा. उजेडासमोर धरून पाहा. सगळे केस एका पातळ धारेत यायला हवेत. एखादा केस बाजूला फाकलेला दिसला तर तेवढाच मुळाशी कापा. केसांची लांबी किंवा टोकाचा आकार मात्र अजिबात छाटू नका. मुरलेले कारागीर आपापल्या हाताप्रमाणे ब्रश छाटतात, पण आपल्या हाताला काय हवं हे कळायला वेळ जावा लागतो, आणि कापलेले केस परत येत नाहीत.

३. सरावाची जागा

काच सगळ्यात चांगली. तिच्यावरची ओली रेघ थिनरच्या चिंधीने पुसली की पुन्हा कोरी काच मिळते. काचेखाली चौकटी आखलेला कागद ठेवला की सरळ आणि समांतर रेघांना आधार होतो. काच अंगाने गाडीच्या रंगाइतकीच गुळगुळीत असते, म्हणून तिच्यावर ब्रश जसा चालतो तसाच पुढे पत्र्यावर चालतो. साध्या कागदावर सराव करू नका. कागद रंग शोषतो आणि ब्रशला अडवतो, मग हाताला चुकीच्या दाबाची सवय लागते.

थोडे दिवस काच टेबलावर आडवी ठेवा आणि नंतर उभी करा. गाडीचं दार उभं असतं, टाकी गोल असते. फक्त आडव्या काचेवर शिकलेला हात तिथे अडखळतो.

खोलीत हवा खेळती हवी, पण वारा थेट कामावर येता कामा नये. पंख्याखाली रंग पॅलेटवरच घट्ट होतो आणि धूळ ओल्या रेघेवर बसते. उजेड एका बाजूने येऊ द्या, म्हणजे ओल्या रेघेची चमक दिसेल आणि ती कुठे तुटते आहे ते लगेच कळेल.

४. पॅलेटवर रंग भरणं : इथे घाई करू नका

हा भाग वाचायला कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच द्या. पहिले काही दिवस रेघ ओढलीच नाहीत आणि फक्त ब्रश भरायचा सराव केलात, तरी तो वेळ सत्कारणी लागेल.

डब्यातला रंग तळापासून ढवळा. वर साय धरली असेल तर ती काढा आणि रंग बारीक नायलॉनच्या कापडातून गाळा. सायीचा एक बारीक कणही ब्रशच्या टोकाशी अडकला तर रेघ मधोमध चिरते. थोडा रंग एका वाटीत घ्या. दुसऱ्या वाटीत थिनर.

आता ब्रशचे केस आधी थिनरमध्ये ओले करून टिपा, मग रंगात बुडवा. पूर्ण बुडवायचे नाहीत, साधारण दोन तृतीयांश बुडवा. केस जिथे दांडीत बसवलेले असतात तिथपर्यंत रंग गेला तर तो तिथे सुकतो आणि काही दिवसांत ब्रश फुगून त्याचा आकार बिघडतो. बुडवलेला ब्रश पॅलेटच्या कागदावर सपाट ठेवा आणि दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या पट्टीत पुढे-मागे ओढा. एक बाजू झाली की दुसरी. पुन्हा पहिली. मधे ब्रशचं टोक थिनरला लावा, पुन्हा पॅलेटवर ओढा. आठ-दहा वेळा असं केल्यावर रंग केसांच्या आतपर्यंत सारखा पसरतो आणि वर साचलेला रंग कागदावर उतरतो.

रंग बरोबर झाला हे ओळखायच्या तीन खुणा आहेत.

पहिली हाताला कळते. ब्रश पॅलेटवर ओढताना किंचित ओढ जाणवायला हवी. अजिबात ओढ नसेल आणि ब्रश घसरत असेल तर रंग फार पातळ आहे. ब्रश अडकत असेल, केस मागे राहून झटक्याने पुढे येत असतील, तर रंग घट्ट आहे.

दुसरी डोळ्यांना दिसते. पॅलेटवरून ब्रश उचलल्यावर केस आपोआप एका धारेत यायला हवेत. टोक दुभंगलेलं असेल तर रंग कमी आहे किंवा घट्ट आहे. टोकाला थेंब लोंबत असेल तर रंग जास्त आहे.

तिसरी काचेवर. चार बोटं लांबीची रेघ ओढा. दोन्ही कडा स्वच्छ आणि रंग भरीव असेल तर पुढे जा. रेघ ओढल्यावर रुंदावत गेली किंवा कडा पसरल्या तर पातळ. शेवटी शेवटी कोरडी, खरखरीत झाली तर घट्ट.

एवढं जमलं तरी काम संपत नाही, कारण थिनर सतत उडत असतो. पाच मिनिटांपूर्वी बरोबर असलेला रंग आता बरोबर नसतो. म्हणून प्रत्येक वेळी ब्रश भरताना थिनरचा हलका स्पर्श द्यायचा आणि ओढ पुन्हा तपासायची. काही जण वाटीतल्या रंगातच भरपूर थिनर ओतून मोकळे होतात. तसं करू नका. वाटीतला रंग जसाच्या तसा राहू द्या आणि पातळ करायचं काम पॅलेटवर, थेंबाथेंबाने करा. दिवस उष्ण असेल तर थिनर जास्त वेळा लागेल, थंड असेल तर कमी. हे प्रमाण कुणी लिहून देऊ शकत नाही, आपल्याच बोटांना ते कळावं लागतं. पॅलेटवर सुकत आलेल्या रंगाचा थर जमला की कागद बदला.

५. पकड

ब्रश अंगठा आणि तर्जनीमध्ये धरा, केस जिथे सुरू होतात त्याच्या अगदी जवळ. बाकीची बोटं काचेवर टेकवा. करंगळी आणि अनामिका हाताचा भार उचलतात, ब्रशने काहीही भार उचलायचा नाही. दांडी काचेकडे झुकलेली, जवळजवळ आडवी. केसांचा सपाट भाग काचेवर लोळतो आणि टोक मागून येतं.

दुसरा हातही कामाला लावा. तो मनगटाखाली आधार म्हणून ठेवा किंवा त्याने ब्रशच्या हाताचं मनगट हलकेच धरा.

रेघेची जाडी दाबावर ठरते. कमी दाबला की बारीक, जास्त दाबला की जाड. दाबातला फरक फार थोडा असतो. ब्रश इतक्या घट्ट धरू नका की नखं पांढरी पडतील. घट्ट धरलेला ब्रश पुढे वळणावर बोटांत फिरवता येत नाही.

६. सरळ रेघ

काचेवर मास्किंग टेप एका सरळ ओळीत चिकटवा. रेघ टेपला लागून ओढायची नाही, तिच्यापासून सेंटिमीटरभर खाली ओढायची. टेकवलेल्या बोटांपैकी एक बोट टेपच्या कडेवरून सरकत राहील आणि ब्रश आपोआप समांतर चालेल.

सुरुवातीला टोक टेकवा, केस बसेपर्यंत क्षणभर थांबा आणि मग स्वतःकडे ओढा. मनगट स्थिर ठेवा, हालचाल खांद्यातून करा. रेघ लांब असेल तर उभे राहा आणि पावलं टाकत मागे सरका. आधी ब्रश न टेकवता एकदा तीच हालचाल करून पाहा, म्हणजे मधे कोपर कुठे अडतो, पाय कुठे ठेवायचा हे कळेल. नजर ब्रशच्या टोकावर ठेवू नका. टोक जिथे पोहोचायचं आहे, त्या दोन-तीन बोटं पुढच्या जागेवर ठेवा. टोकाकडे पाहिलं की हात प्रत्येक बारीक चूक दुरुस्त करायला जातो आणि रेघ नागमोडी होते.

वेग सारखा ठेवा. फार हळू गेलात तर थरथर उमटते आणि रंग साचतो. फार जोरात गेलात तर ब्रशमधला रंग टोकापर्यंत वेळेवर येत नाही.

रंग संपत आल्याची खूण आधीच मिळते. कडेला बारीक खरखर दिसू लागते. तिथेच दाब कमी करत ब्रश उचला, म्हणजे रेघ निमुळती संपेल. ब्रश भरून परत आलात की त्या निमुळत्या शेपटीच्या पाच-सहा सेंटिमीटर मागून सुरुवात करा. ब्रश हवेत चालता ठेवूनच जुन्या रेघेवर उतरवा आणि पुढे जा. जोड दिसू न देणं हा स्वतंत्र सराव आहे. त्यासाठी मुद्दाम लहान-लहान तुकड्यांत एक लांब रेघ पूर्ण करून पाहा.

रेघेचं टोक चौकोनी हवं असेल तर तिथे टेपचा तुकडा आडवा लावून त्याच्यावरून पुढे जा. रंग ओला असतानाच टेप काढा.

दोन्ही बाजूंना टेप लावून मधली फट रंगाने भरली तर सरळ रेघ मिळते, हे खरं. घाईच्या कामात तसं केलं जातं. पण टेपखाली रंग झिरपतो आणि टेप काढल्यावर कडेला उभा थर राहतो. शिकताना तो मार्ग धरलात तर हात मात्र जिथल्या तिथे राहतो. रंग भरून चाकाने रेघ ओढणारं हत्यारही मिळतं. लांब, एकसारख्या रेघेला ते चांगलं आहे, पण त्याने ब्रश शिकता येत नाही.

रोज वीस-तीस मिनिटं पुरेत. सुट्टीच्या दिवशी सलग पाच तास बसण्यापेक्षा त्याने हात लवकर बसतो. एक रेघ जमली की तिच्याशेजारी दुसरी समांतर ओढा, मधलं अंतर सारखं ठेवून. मग एक जाड आणि एक बारीक अशी जोडी. गाड्यांवर ही जोडी फार शोभते.

७. वळणं

सरळ रेघेत ब्रश लोळवायचा असतो, वळणावर तो उभा करायचा असतो. वळण जितकं लहान, तितकी दांडी उभी आणि तितके कमी केस काचेला लागलेले. त्याच वेळी अंगठा आणि तर्जनीत दांडी फिरवत न्यायची, म्हणजे केसांची धार रेघेच्या दिशेने राहते. दांडी फिरवली नाही तर वळणावर रेघ एकदम जाड होते, कारण केस आडवे पडतात.

आधी अर्धवर्तुळं काढा, डावीकडे उघडणारी आणि उजवीकडे उघडणारी. मग दोन अर्धवर्तुळं एकमेकांना जोडून नागमोडी रेघ. मग थेंबाचा आकार : टोकाशी बारीक, मधे दाब देऊन जाड, पुन्हा बारीक. वळणदार नक्षीतला मोठा भाग या तीन आकारांनीच बनतो. अगदी लहान, घट्ट गिरक्या या ब्रशने नीट येत नाहीत. त्यासाठी बारीक, आखूड केसांचा स्क्रोल ब्रश वेगळा मिळतो, पण तो नंतर घ्या.

८. दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी

पेन्सिलने मधोमध उभी रेघ आखा आणि वर-खाली दोन-तीन आडव्या खुणा करा. संपूर्ण नक्षी पेन्सिलने काढू नका, नाहीतर ब्रश पेन्सिलच्या मागे फरफटत जातो. खुणा फक्त कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे सांगायला हव्यात.

एक रेघ डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. पूर्ण डावी बाजू करून मग उजवीकडे गेलात तर फरक वाढत जातो. प्रत्येकाच्या हाताला एक बाजू अवघड जाते. मी अवघड बाजू आधी ओढतो आणि सोपी बाजू तिच्याशी जुळवतो, कारण सोप्या बाजूला हात ऐकतो. जुळवताना रंगवलेल्या रेघेपेक्षा मधल्या रिकाम्या जागेकडे पाहा. दोन्हीकडची रिकामी जागा सारखी दिसली की नक्षी सारखी दिसते.

ओल्या रेघेला ओल्या रेघेने छेद देऊ नका. दुसरा रंग वापरायचा असेल तर पहिला सुकू द्या.

गुंतागुंतीची नक्षी दोन ठिकाणी हवी असेल तर कागदावर अर्धी काढा, कागद घडी करून रेघांवर सुईने जवळजवळ भोकं पाडा, उलगडा आणि खडूची पूड बांधलेली पुरचुंडी त्यावर हलकेच थोपटा. खाली ठिपक्यांत नक्षी उमटते. रंगवण्याआधी जास्तीची पूड फुंकून टाका.

९. चुकलं तर

ओली चूक पुसता येते, आणि म्हणूनच खालचा रंग कोणता आहे हे आधी कळायला हवं. चिंधी बोटाभोवती ताणून गुंडाळा, थिनरचा अगदी थोडा ओलावा द्या आणि एका फटक्यात पुसा. पुन्हा पुन्हा घासलंत तर डाग पसरतो. फक्त कडेला चूक असेल तर सपाट ब्रश थिनरमध्ये ओला करून, टिपून, त्याने कड कापून घ्या. ओल्या रेघेवर लगेच दुसरा हात फिरवून दुरुस्ती करू नका, रंग ओघळतो.

लॅकर थिनर किंवा एनसी थिनर जवळही ठेवू नका. तो खालचा रंगच उचलून काढतो. मिनरल टर्पेंटाइनही न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी लावून पाहा. चिंधीवर खालचा रंग उतरला तर त्या पृष्ठभागावर काम करू नका.

१०. ब्रश आणि चिंध्या

काम संपलं की ब्रश पहिल्या बरणीत धुवा, दुसऱ्या बरणीत पुन्हा धुवा. चिंधीवर टिपल्यावर रंग अजिबात उमटायला नको. मग केसांना खनिज तेल लावा, चिमटीने ओढून मूळ आकारात आणा आणि ब्रश आडवा ठेवा. बरणीत केसांवर उभा ठेवलेला ब्रश एका रात्रीत वाकतो. जवसाचं तेल लावू नका, ते सुकून कडक होतं. पुढच्या वेळी रंगात बुडवण्याआधी हे तेल थिनरने पूर्ण काढा. उरलेलं तेल रंगात मिसळलं तर रेघ सुकत नाही आणि तिच्यात खड्डे पडतात.

इनॅमल आणि टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. रंगातलं तेल सुकताना उष्णता तयार होते आणि चिंध्यांच्या ढिगात ती साठून आग लागू शकते. चिंध्या उघड्यावर पसरून सुकवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. वापरलेला थिनर मोरीत ओतू नका. बरणी स्थिर ठेवली की गाळ खाली बसतो आणि वरचा थिनर पहिल्या धुण्याला पुन्हा वापरता येतो.

रंगात हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घालायचा सल्ला तुम्हाला मिळेल. अनेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, जे फुप्फुसांना घातक आहे आणि साध्या मास्कने अडत नाही. शिकताना त्याची गरजच नाही.

११. पहिलं खरं काम

पहिली वस्तू लहान, आपली स्वतःची आणि सपाट निवडा. हत्यारांच्या पेटीचं झाकण, पत्र्याचा डबा, जुन्या गाडीचं काढून ठेवलेलं एखादं पॅनल. रोज वापरातलं हेल्मेट निवडू नका. काही हेल्मेटचं कवच अशा प्लास्टिकचं असतं की रंग आणि थिनर त्याला कमकुवत करतात, आणि ते वरून दिसत नाही.

पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, मग मेण आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने पुसा. ओल्या कापडाने पुसून लगेच कोरड्याने टिपा, नाहीतर मेण जागच्या जागी परत बसतं. पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंग तिथून मागे सरतो आणि रेघेत गोल खड्डे दिसतात. पुसल्यावर त्या जागेला उघड्या बोटांनी हात लावू नका. पत्रा नुकताच रंगवलेला असेल तर तो पूर्ण पक्का होईपर्यंत थांबा.

पॅनल सावलीत असू द्या आणि हाताला गार लागू द्या. तापलेल्या पत्र्यावर ब्रश दोन बोटं जाईपर्यंत कोरडा पडतो. काम सुरू करण्याआधी शेजारी सरावाची काच ठेवा आणि पहिल्या चार-पाच रेघा तिच्यावर ओढून रंग तपासा.

रेघ रात्रभरात बोटाला कोरडी लागेल, पण आतून पक्की व्हायला काही आठवडे लागतात. पेन्सिलच्या खुणा दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने हलकेच पुसा. पहिला आठवडा धुऊ नका आणि महिनाभर मेण किंवा पॉलिश लावू नका. वर क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) मारायचा विचार असेल तर आधी तुकड्यावर करून पाहा, कारण हार्डनर नसलेलं इनॅमल त्याखाली सुरकुतू शकतं. टाकी रंगवणार असाल तर झाकणाच्या आसपास रेघ नेऊ नका. तिथे पेट्रोल सांडतं आणि वर संरक्षण नसलेली रेघ त्याने विरघळते.